फत्तेखेर्डा

ऑफिसात गावाचं नाव साखरखेर्डा सांगितलं की हमखास विचारतात, "साखर कारखाना आहे का तिथे?" मग मी लढाई सांगतो.

दिल्लीच्या बादशहाने निजाम-उल-मुल्कच्या जागी मुबारिझखानाला दख्खनचा सुभेदार नेमलं. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी आमच्या गावाजवळ दोघे भिडले. बाजीराव पेशवे निजामाच्या बाजूने होते. मुबारिझखान मारला गेला. निजामाचं हैदराबाद राज्य इथूनच उभं राहिलं, ते १९४८ पर्यंत टिकलं.

जिंकल्यावर निजामाने गावाचं नाव बदलून फत्तेखेर्डा केलं. कागदोपत्री ते आलंही. पण बाजारहाट करणाऱ्यांच्या, लेकी नांदायला पाठवणाऱ्यांच्या तोंडी ते रुळलं नाही. निजामाचं राज्य गेलं. आम्ही अजून साखरखेर्ड्याचेच.