पुण्यातला मॉर्मन प्रचारक आणि ख्रिस्ती धर्मातला एक जुना वाद

इ. स. १८५२ च्या सप्टेंबर महिन्यात ह्यू फिंडले नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ मुंबईत दाखल झाले. ते धर्मप्रचारक होते. पण त्या काळी मुंबईत गाजलेल्या डॉ. जॉन विल्सन यांच्यासारखे नव्हेत. त्यांच्या पाठीशी पगार देणारे मिशन नव्हते, शाळा नव्हती, छापखाना नव्हता. त्यांच्या पंथाला लोक मॉर्मन म्हणत. पंथाने स्वतःला घेतलेले नाव मात्र लांबलचक होते : 'अंतिम दिवसांतील संतांची येशू ख्रिस्ताची मंडळी'. आपल्याकडे संत म्हटले की नामदेव-तुकोबा डोळ्यांपुढे उभे राहतात. त्या पंथात प्रत्येक सभासद हा संतच. वर्गणी भरली की संतपद! आमच्या युनियनमधल्या काही मंडळींना ही योजना फार पसंत पडेल.

मुंबईतील इंग्रजी वर्तमानपत्रांनी व पाद्री मंडळींनी फिंडले यांच्यावर झोड उठविली, तेव्हा ते पुण्यास गेले. तेथेही लष्करी अधिकाऱ्यांचा विरोध झालाच. तरीही त्यांनी बोटांवर मोजण्याइतक्या लोकांची एक शाखा पुण्यात उभी केली, आणि 'हिंदुस्थानातील मराठ्यांस' उद्देशून एक पत्रक लिहून मुंबईत छापून घेतले. म्हणजे हा पंथ आपल्या दारापर्यंत येऊन गेलेला आहे. आपल्याला त्याचा पत्ता नाही, एवढेच. ख्रिस्ती धर्म म्हणजे सगळीकडे सारखीच एक वस्तू, असे आपण गावाकडची माणसे धरून चालतो. पुण्यातल्या त्या दोन-तीन वर्षांत ख्रिस्ताचेच नाव घेणारे लोक एकमेकांना ख्रिस्ती मानावयास तयार नव्हते. ते का, हे पाहण्याजोगे आहे.

दोन संघटना एकाच झेंड्यावर हक्क सांगू लागल्या, म्हणजे आम्ही कामगार चळवळीतली माणसे दोघांच्या घटना मागवून घेतो आणि कलमे वाचतो. येथेही तेच करू.

पहिले कलम देवाचे. रोमन कॅथलिक असोत, पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स असोत वा प्रॉटेस्टंट असोत, परंपरागत मंडळ्या त्रैक्य मानतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या व्यक्ती तीन, पण तत्त्व एक; देव तीन नव्हेत, एकच. हे सूत्र एका दिवसात तयार झाले नाही. कॉन्स्टंटाइन बादशहाने इ. स. ३२५ मध्ये निकिया येथे बिशपांची परिषद भरविली, तिच्यात पुत्र हा पित्याशी समतत्त्व आहे असा ठराव झाला. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्याला पुढची जोड दिली. हा देव अशरीरी; त्याने विश्व शून्यातून निर्माण केले. निर्माता आणि निर्मित यांच्यामध्ये जी दरी आहे, ती माणसाला कधीही ओलांडता येणार नाही.

मॉर्मन मताचे संस्थापक जोसेफ स्मिथ हे १८०५ साली अमेरिकेत एका गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्मले. १८२० साली न्यूयॉर्क राज्यात आपणांस पिता व पुत्र अशा दोन वेगळ्या मूर्ती दिसल्या, असे त्यांनी पुढे सांगितले. १८३० साली त्यांनी 'मॉर्मनचे पुस्तक' प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी मंडळी स्थापन केली. त्यांच्या शिकवणीप्रमाणे पिता, पुत्र व पवित्र आत्मा ही तीन स्वतंत्र अस्तित्वे आहेत. ती एक आहेत ती हेतूने. कार्यकारिणीतले तिघे एकमताने सही करतात तशी, असे म्हटले तरी चालेल. पित्याला हाडामांसाचा देह आहे. विश्व शून्यातून झाले नाही. अनादि द्रव्याला देवाने आकार दिला. आणि एप्रिल १८४४ मध्ये एका प्रवचनात स्मिथ यांनी याच्याही पुढची पायरी गाठली : देव एके काळी माणसासारखा होता, आणि माणूस चढत चढत देवत्वाला पोहोचू शकतो. त्यानंतर तीन महिने उलटण्यापूर्वीच, २७ जून १८४४ रोजी, इलिनॉय राज्यातील कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्यांना ठार मारले. या वधाला राजकारणाची व इतरही कारणे होती. पण देव आणि माणूस एकाच जातीचे, हे म्हणणे परंपरेला किती झोंबले असेल ते समजण्यासारखे आहे.

मराठी माणसाला हे ऐकून फारसा धक्का बसत नाही. नर करणी करे तो नर का नारायण, ही भाषा आपल्या कानांवरची. तेव्हा फिंडले यांचे मत आपल्याला जवळचे आणि निकियाचे मत परके, असे एखाद्याला वाटेल. पण सादृश्य पाहून नाते जोडण्याची घाई करू नये. मॉर्मन मतात ब्रह्म नाही, माया नाही, पुनर्जन्म नाही.

निकियाचे सूत्र मराठी मनाला खरोखर किती जड गेले, याचा दाखला मात्र आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. सोलापूर-पुणे गाडीने जाताना केडगाव लागते. तेथे मुक्ती मिशन चालविणाऱ्या पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी बुद्धी गहाण टाकली नाही. त्रैक्याच्या सिद्धांताबद्दल, आणि संत अथानेशियसच्या नावाने चालणाऱ्या श्रद्धालेखाबद्दल त्यांनी आपल्या इंग्रज गुरुभगिनींशी पत्रांतून निकराचा वाद घातला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले, आता दुसऱ्याचे जोखड मानेवर घेणार नाही, असा त्यांचा रोख होता. रमाबाईंचा मॉर्मनांशी काही संबंध नव्हता. पण सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या परिषदेने ठरविलेली गोष्ट आम्ही का मानावी, हा प्रश्न दोघांचाही होता. फरक एवढाच की, स्मिथ यांनी उत्तरादाखल नवे शास्त्र आणले; रमाबाई जुनेच शास्त्र अधिक बारकाईने वाचीत बसल्या, आणि आयुष्याची अखेरची वर्षे बायबलाच्या मराठी भाषांतरात घालविली.

शास्त्राच्या कलमावर फार वेळ घालवायला नको. परंपरागत मंडळ्यांच्या मते बायबलानंतर शास्त्राचे दप्तर बंद झाले. मॉर्मनांच्या मते ते उघडेच आहे, आणि त्यांच्या अध्यक्षाला आजही दैवी संदेश येऊ शकतो.

दुसरे महत्त्वाचे कलम माणसाचे. आदामाने आज्ञा मोडली आणि त्याचा कलंक सर्व मानवजातीला लागला, ही पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेतील आदिपापाची कल्पना. म्हणून कॅथलिक घरात तान्ह्या मुलालाही बाप्तिस्मा देतात. स्मिथ यांनी १८४२ साली आपल्या पंथाची जी श्रद्धासूत्रे छापली, त्यांत हे साफ नाकारले : ज्याचे पाप त्याला शिक्षा, आदामाच्या गुन्ह्याची नाही. मूल आठ वर्षांचे होईपर्यंत बाप्तिस्मा नाही. बापाचे कर्ज मुलाच्या खात्यावर न घालणारी ही व्यवस्था आम्हांला तरी न्यायाची वाटते.

आणि अधिकाराचे कलम तर कामगाराला ओढून घेणारेच आहे. या पंथात पगारी पुरोहितवर्ग नाही. सुतार असो, विणकर असो, लायक ठरलेल्या पुरुष सभासदाला याजकपदाची दीक्षा मिळे. (स्त्रियांना नाही, आजही नाही.) १८३७ साली त्यांचे पहिले प्रचारक इंग्लंडात गेले, ते लँकेशायरमधील प्रेस्टन या कापडगिरण्यांच्या गावी. धुराने काळवंडलेल्या त्या गिरणी-मुलुखात त्यांना भराभर अनुयायी मिळाले. ज्याला चर्चमध्ये मागच्या बाकावर बसावे लागे, तो एकदम उपदेशक झाला. फिंडले पुण्याला आले ते हीच घटना घेऊन.

असे असून ते पुण्यात का रुजले नाहीत? आमच्या मते याचे उत्तर धर्मशास्त्रात नाही. परंपरागत मिशने येथे अगोदर येऊन बसली होती. अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून मुंबईत होते. १८४२ पासून त्यांचे 'ज्ञानोदय' निघत होते. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, आणि १८५२ च्या नोव्हेंबरात, फिंडले मुंबईत उतरल्यावर थोड्याच काळात, विश्रामबागवाड्यात मुलींच्या शाळांबद्दल त्यांचा सत्कार झाला. मिशनरी म्हटला की लोक विचारीत, शाळा कोठे आहे? मॉर्मन प्रचारकाजवळ गाठोड्यापलीकडे काही नव्हते. शिवाय नवा अनुयायी मिळाला की त्याला सांगायचे काय, तर घरदार सोडून अमेरिकेत युटाच्या खोऱ्यात चला! संघटना बांधणाऱ्याने सभासद करून लगेच गाव सोडायला लावले, तर शाखेच्या पाटीखाली कोण बसणार? त्यातच, पंथाने बहुपत्नीत्वाचा उघड पुरस्कार केला आहे ही बातमी येऊन थडकली, आणि विरोधकांना आयते कोलीत मिळाले. ती चाल पंथाने १८९० साली अधिकृतपणे सोडली. १८५३ च्या एप्रिलात आणखी तेरा प्रचारक अमेरिकेहून कलकत्त्यास आले होते. पण १८५६ पर्यंत ही सारी मोहीम आटोपली. आपल्या मोहोळला आगगाडी आली ती १८६० साली.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय घेतला, तिच्याकडे वळू.

फिंडले मुंबईत उतरले त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, युटामध्ये पंथाचे दुसरे अध्यक्ष ब्रिगहॅम यंग यांनी जाहीर केले की, आफ्रिकी वंशाच्या माणसाला याजकपद मिळणार नाही. स्मिथ यांच्या हयातीत, १८३६ साली, एलिजा एबल या काळ्या गृहस्थांना दीक्षा मिळालेली होती. 'मॉर्मनच्या पुस्तका'तही काळा-गोरा, दास-स्वतंत्र असा भेद देवापाशी नाही असेच सांगितले आहे. तरी बंदी आली. हिंदी माणसे तिच्या कक्षेत नव्हती. पण तिच्यासाठी जे समर्थन पुढे आले ते आपल्याला नीट ओळखता येईल.

मॉर्मन मत असे की, माणसाचा आत्मा जन्मापूर्वीही देवाजवळ राहत होता. पृथ्वीवरचा जन्म मात्र एकदाच. परंपरागत ख्रिस्ती मत हे पूर्वास्तित्व मानीत नाही. आदिपाप नाकारून जे ओझे बाळाच्या डोक्यावरून उतरविले होते, तेच काही पुढाऱ्यांनी या दुसऱ्या दाराने आत आणले : काळ्या माणसांचे आत्मे त्या पूर्वावस्थेत कमी निष्ठावान ठरले असतील, म्हणून त्यांना असा जन्म मिळाला. श्रोतेहो, हे वाक्य आपण मराठीत किती शतके ऐकत आलो! मागच्या जन्मीचे पाप, म्हणून वेशीबाहेरचे घर. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे आणि बाकीच्यांना विटाळ होई. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा सर्व कामगार एक असे म्हणणाऱ्यांनाही तो अडचणीचा वाटला.

हे ऐकून निकियावाल्यांनी मान ताठ करण्याचे कारण नाही. पूर्वास्तित्व न मानणाऱ्या गोव्याच्या कॅथलिक समाजात बामण आणि चाड्डी हे भेद बाप्तिस्म्यानंतर शतकानुशतके टिकले, आणि कित्येक गावांत चर्चच्या बंधुमंडळांतही शिरले. तेथे समर्थनाला सिद्धांताची गरजही लागली नाही, वहिवाट पुरली.

२००१ साली रोमन कॅथलिक मंडळीने मॉर्मनांचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही असा निर्णय दिला. कारण देवाचेच : शब्द तेच उच्चारले, तरी पिता-पुत्र-आत्मा यांचा अर्थ निराळा. मॉर्मन आपणांस ख्रिस्तीच म्हणवतात, आणि ते नाव घेण्याचा हक्क त्यांना आहे असे आम्ही समजतो. पण दोन्ही घटना निराळ्या आहेत हे कॅथलिकांचे म्हणणेही खरे आहे.

काळ्या माणसांवरील बंदी जून १९७८ मध्ये उठली. अध्यक्षांना तसा दैवी संदेश मिळाला असे जाहीर झाले. एकशे सव्वीस वर्षे झाली होती. २०१३ साली पंथाने एक निवेदन काढून, काळे कातडे हे पूर्वावस्थेतील वर्तनाचे फळ, हा विचार अधिकृतपणे टाकून दिला. ती बंदी मुळातच चुकीची होती, असे मात्र त्या निवेदनात सरळ शब्दांत म्हटलेले नाही.