कराचीहून मुंबईला किती वेळ?

शाळेतला ॲटलास उघडून कराची आणि मुंबई ही दोन शहरे शोधू या. कराचीचे अक्षांश सुमारे २४.९° उत्तर, मुंबईचे १९.१°. रेखांश अनुक्रमे ६७.१° आणि ७२.८° पूर्व. अक्षांशांतला फरक ५.८ अंश; एका अंशाला १११ किलोमीटर धरले तर ६४४ किलोमीटर. रेखांशांतला फरक ५.७ अंश. मात्र रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून २२° अक्षांशाजवळ एका अंशाला १०३ किलोमीटरच धरायचे. हे झाले ५८७ किलोमीटर. आता पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण काढला की सुमारे ८७० किलोमीटर मिळतात. एवढ्या अंतरापुरती पृथ्वी सपाट मानली तरी फारसे बिघडत नाही.

हे अंतर विमानाने कापायला किती वेळ लागतो, याचे उत्तर मात्र नुसत्या भागाकाराने येत नाही. त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो.

१९२९ पासून इंपीरियल एअरवेजची विमाने लंडनचे टपाल कराचीपर्यंत आणू लागली. ते विमानानेच पुढे नेण्यासाठी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. टाटा यांनी 'पस मॉथ' हे एका इंजिनाचे छोटे विमान कराचीहून उडवले. विमान सरळ मुंबईला आले नाही. सरळ रेषा कच्छ आणि सौराष्ट्र ओलांडून जाफराबादजवळ किनारा सोडते, आणि शेवटचे सुमारे अडीचशे किलोमीटर समुद्रावरून जाते. एकुलते इंजिन तिथे बंद पडले तर उतरायचे कुठे? शिवाय वाटेत पेट्रोल हवे. म्हणून टाटा अहमदाबादला उतरले. तिथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते! या वळणाने मार्ग सुमारे १,०४० किलोमीटरचा झाला. ताशी १६० किलोमीटरच्या आसपास वेग, वर अहमदाबादचा मुक्काम. जुहूला विमान टेकले तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. म्हणजे सव्वासात तास. त्या वेळी दोन्ही शहरे एकाच मुंबई इलाख्यात होती. सिंध वेगळा प्रांत झाला तो १९३६ साली.

पुढे जेट विमाने आली. ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर तासाभराचे. चढणे-उतरणे धरून दीड तास. पण १९४७ नंतर मध्ये सरहद्द आली होती. १९६५ च्या युद्धात उड्डाणे थांबली. १९७१ साली तुटलेली विमानसेवा १९७६ साली जुळली. १९८२ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, टाटांनी 'लेपर्ड मॉथ' विमानातून तोच कराची-अहमदाबाद-मुंबई प्रवास पुन्हा केला. या दोन उड्डाणांच्या मधल्या पन्नास वर्षांत अंतर तेवढेच राहिले होते, देश मात्र दोन झाले होते. जानेवारी २००२ ते जानेवारी २००४ सेवा पुन्हा बंद होती. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली.

थेट विमान नसेल तर दुबईमार्गे जावे लागते. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई ते कराची सुमारे १,१९०. बेरीज ३,१२०, म्हणजे सरळ अंतराच्या साडेतीनपट. आकाशातले पाच तास आणि दुबईला विमान बदलण्यातले किमान दोन-तीन तास मिळून सात-आठ तास होतात. 'पस मॉथ'ला सव्वासात लागले होते.