पोकरमधली ‘व्हॅल्यू बेट’ म्हणजे काय? छोट्या टेबलावरचं गणित आणि त्याच्या पुढचा कायदा

पोकर म्हटलं की सिनेमातला सीन आठवतो. हातात काहीच नाही, चेहरा मख्ख आणि सगळ्या चिप्स पुढे. आपल्या तीन पानीतही ब्लाइंड खेळणाऱ्याचाच रुबाब जास्त. पण छोट्या रकमेच्या ऑनलाइन टेबलांवर टिकणारे खेळाडू ब्लफवर जगत नव्हते. (‘नव्हते’ का, ते पुढे येतंच.) त्यांची कमाई व्हॅल्यू बेटमधून यायची.

व्हॅल्यू बेट म्हणजे आपली पानं चांगली असताना, समोरच्याने त्याच्या कमी पानांवर कॉल करावा म्हणून लावलेली रक्कम. कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत दुकानदार भाव कसा सांगतो ते आठवा. फार सांगितला तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात, फार कमी सांगितला तर स्वतःचंच नुकसान. गिऱ्हाईक बघून भाव ठरतो. इथेही तसंच.

आता आकडे बघू. शेवटचं पान उघडलंय, शेवटी बोलायची पाळी तुमची आहे आणि तुमच्याकडे राजाची जोडी आहे. पॉट १०० चिप्सचा. तुम्ही ६० लावले तर समोरचा २० प्रकारच्या पानांवर कॉल करेल असं धरू. त्यातल्या १३ वेळा तुम्ही जिंकता, ७ वेळा हरता. १३ गुणिले ६० म्हणजे ७८० आले, ७ गुणिले ६० म्हणजे ४२० गेले. फायदा ३६०.

६० ऐवजी १०० लावले तर? सावध खेळाडू कमजोर पानं टाकून देईल. तुम्ही १० वेळा जिंकाल, ७ वेळा हराल, फायदा ३००. म्हणजे ६०च बरे होते. पण समोरचा ‘बघू तरी काय आहे’ म्हणून कशावरही कॉल करणारा असेल, तर त्याच २० पानांवर फायदा ६०० होतो. छोट्या टेबलावर अशांचीच गर्दी असते. म्हणून तिथे चांगल्या पानांवर मोठी बेट लावायची आणि ब्लफ कमी करायचा. जो पानं टाकतच नाही, त्याला घाबरवणार कसं?

कॉल होणाऱ्या पानांपैकी निम्म्याहून जास्त तुमच्यापेक्षा कमी असतील तरच बेट, नाहीतर चेक. आणि एवढा वेळ गप्प कॉल करणाऱ्याने शेवटी अचानक रेज केलं, तर एका जोडीच्या प्रेमात पडू नका. तो बहुतेक वेळा खरं बोलत असतो.

म्हणजे कौशल्य आहेच. पण रील्समध्ये इथेच थांबतात. पुढचा हिशोब असा: छोट्या टेबलावर प्लॅटफॉर्म पॉटमधून साधारण ५ टक्क्यांच्या आसपास ‘रेक’ कापायचा. १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर लागला. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी आला, म्हणजे १०० रुपये भरले की त्यातले जवळपास २२ रुपये करात. कंपन्या ते बोनस म्हणून परत द्यायच्या, हा भाग वेगळा. व्हॅल्यू बेटचा बारीक नफा या चाळणीतून किती उरणार?

मग ऑगस्ट २०२५ मध्ये विषयच संपला. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर झालं आणि २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद या कायद्याने बाजूला ठेवला. पैसे लावून खेळला जाणारा ऑनलाइन गेम असला की बंदी. असा गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड. म्हणजे ‘लिंक बायोमध्ये आहे’ म्हणणारा इन्फ्लुएन्सरही यात येतो. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सुप्रीम कोर्टात गेल्या.

मोठ्या भारतीय ॲप्सनी पैशाचे गेम बंद केल्यावर टेलिग्रामवर परदेशी साइट्सच्या लिंक्स फिरतात. तिथे पैसे अडकले तर भारतात तक्रार ऐकायला कंपनीचं ऑफिसच नसतं. वरचं गणित करून बघायचंच असेल तर फुकट चिप्सवाली ॲप्स आहेत. फक्त तिथे चिप्स फुकट असल्यामुळे सगळेच कशावरही कॉल करतात, त्यामुळे ब्लफ तर अजिबात नको.