'दीनबंधू' आणि ब्लॉग

ब्लॉगमुळे वर्तमानपत्रे बुडतील काय, असे वर्सोव्याच्या नाक्यावरही कोणी विचारतो. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना अशा वेळी 'दीनबंधू' आठवतो. कृष्णराव भालेकरांनी तो १८७७ साली पुण्यात काढला. १८८० पासून नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत चालविला. प्रतिष्ठित पत्रांत गिरणी कामगाराच्या गाऱ्हाण्याला जागा नव्हती, म्हणून त्यांनी आपले पत्र धरले. १८८४ साली साडेपाच हजार कामगारांचा अर्ज सरकारदरबारी गेला. १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. मोठी पत्रे काही त्याने बुडाली नाहीत.

२००५ च्या सुमारास मराठी ब्लॉग वाढू लागले. छापखाना नको, कागद नको. कोळीवाड्यातला पोरगाही मासळीच्या भावाची हकीकत स्वतः लिहू शकतो. आम्हांला हे आवडते. पण कोर्टात, महापालिकेत रोज जाऊन बसणारा वार्ताहर पगारावर जगतो, पगार जाहिरातींवर. आणि जाहिराती गूगल-फेसबुककडे वळल्या. ब्लॉगवाल्याने तो पैसा नेला नाही! श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ साली कायदा झाला, वेतनमंडळे आली. पुढे मालकांनी कंत्राटावर माणसे घेतली. दिवसभर नोकरी करून, छापून न आलेली बातमी रात्री ब्लॉगवर लिहिणारे असे वार्ताहर आमच्या ओळखीचे आहेत. नाव मात्र ते आपले घालीत नाहीत.