एक गळा, दहा पात्रे : आपल्या मँचेस्टरचे कार्टून आवाज



चॉर्लटनला आपल्यापैकी बरेच जण राहतात, पण तिथल्या आल्बनी रोडवर एके काळी ब्रिटनमधला एक नावाजलेला कार्टून स्टुडिओ होता हे किती जणांना ठाऊक आहे? मला तरी इथे येऊन चार वर्षे होईपर्यंत माहीत नव्हते. ब्रायन कॉसग्रोव्ह आणि मार्क हॉल या दोन मित्रांनी १९७६ साली कॉसग्रोव्ह हॉल फिल्म्स सुरू केली. २००९ मध्ये ती बंद पडली आणि आज त्या जागी निवृत्त लोकांसाठीचे फ्लॅट्स आहेत. आजचा लेख मात्र चित्रांबद्दल नाही, त्या चित्रांमागच्या आवाजांबद्दल आहे.

सुरुवात गावच्याच नावापासून करू. 'चॉर्लटन अँड द व्हीलीज' (१९७६ ते १९७९) या मालिकेतल्या ड्रॅगनचे नाव आपल्या चॉर्लटनवरूनच ठेवलेले. या मालिकेतली सगळी पात्रे जो लिंच या एकाच आयरिश नटाने बोलली. ड्रॅगन उत्तर इंग्लंडच्या बोलीत, तर फेनेला नावाची चेटकीण वेल्श ढंगात! आपल्याला यात फार नवल वाटू नये. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये एकट्याने ५२ पात्रे उभी केली होती, आणि पुलंनी 'बटाट्याची चाळ' एकट्यानेच रंगमंचावर वसवली. फरक एवढाच, की रंगमंचावर उपरणे खांद्यावरून डोक्यावर घेतले की पात्र बदलते. मायक्रोफोनपुढे ती सोय नाही, सगळे काम गळ्यानेच करावे लागते.

स्टुडिओचे सर्वात गाजलेले काम म्हणजे 'डेंजर माऊस' (१९८१ ते १९९२). उंदीर गुप्तहेर म्हणजे डेव्हिड जेसन, आणि मध्येच येणारा निवेदकही तोच. एडवर्ड केल्सी यांची गंमत तर आणखी मोठी. उंदराचा साहेब कर्नल के आणि उंदराचा शत्रू बॅरन ग्रीनबॅक, दोघांनाही त्यांचाच आवाज! ब्रायन ट्रूमन हे लेखकही आणि नटही. बॅरनचा हस्तक असलेल्या स्टिलेटो कावळ्याला त्यांनी इटालियन उच्चार दिले. अमेरिकेत दाखवताना तिथल्या इटालियन लोकांना वाईट वाटू नये म्हणून हाच कावळा लंडनच्या कॉकनीत बोलू लागला. म्हणजे इंग्रजीचे इंग्रजीत डबिंग झाले. पुढे 'काउंट डक्युला' (१९८८ ते १९९३) मध्ये ट्रूमन यांनी धिप्पाड नॅनी कोंबडीचा आवाज काढला. बालगंधर्वांच्या मुलखातून आलेल्या आपल्याला हे सहज पटावे.

एकालाच इतकी पात्रे का देतात? पैसे आणि वेळ वाचतो हे उघडच आहे. पण दुसरे कारण कामाच्या पद्धतीत आहे. मूळ मालिकेत बहुधा आवाज आधी रेकॉर्ड होतो. मग त्याचे तुकडे करून कोणत्या फ्रेमला कोणते अक्षर येते याचा तक्ता बनवतात आणि त्यावरून ओठ काढतात. चित्र नंतर येत असल्यामुळे नटाला हवा तेवढा वेळ घेता येतो, आणि दोन पात्रांचे भांडण असेल तर आधी एकाची वाक्ये, मग दुसऱ्याची, असेही चालते. (आमच्या आयटीच्या भाषेत, आधी स्पेसिफिकेशन आणि मग कोड. प्रत्यक्षात आमच्याकडे उलटेच होते, ते असो.)

डबिंगमध्ये सगळे उलटे. चित्र तयार असते, ओठ हलून गेलेले असतात. तिथे प, फ, ब, भ, म ही अक्षरे छळतात, कारण त्यांना ओठ मिटावे लागतात. 'कम ऑन' चे 'चल ना' केले तर पडद्यावर ओठ मिटतात आणि आवाज मात्र उघडाच! 'ये मग' केले तर जमते. शिवाय इंग्रजीतला एकच 'यू', पण मराठीत तू की तुम्ही हे आधी ठरवावे लागते. पेनफोल्ड डेंजर माऊसला सारखा 'चीफ' म्हणतो, म्हणजे मराठीत 'साहेब, तुम्ही' असेच हवे.

आल्ट्रिंचमच्या हॉट अॅनिमेशनने केलेला 'बॉब द बिल्डर' (१९९९ पासून) तुमच्या घरी असेलच. नील मॉरिसी बॉबही बोलतात, रोली आणि लॉफ्टीही. रॉब रॅकस्ट्रॉ यांच्याकडे स्कूप, मक, ट्रॅव्हिस आणि स्पड. केट हार्बर म्हणजे वेंडी आणि डिझी. अमेरिकेत हाच बॉब विल्यम डफ्रिस यांच्या आवाजात बोलत असे. माझ्या मुलीला मी सांगितले की वेंडी आणि डिझी एकच बाई आहे, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही!

आता जरा गंभीर गोष्ट. एक नट दहा पात्रे करतो तेव्हा त्यातले एखादे पात्र आपले निघते. 'द सिम्प्सन्स' मधला दुकानदार अपू अनेक वर्षे हँक अझारिया यांनी बोलला, इतर कितीतरी पात्रांबरोबरच. अमेरिकेत वाढलेल्या भारतीय मुलांना शाळेत त्याच उच्चारांवरून चिडवत. हरी कोंडाबोलू यांनी २०१७ मध्ये त्यावर माहितीपट काढला आणि २०२० साली अझारियांनी अपूचे काम सोडले. याउलट 'पोस्टमन पॅट' बघा. १९८१ च्या मूळ मालिकेत सगळे गाव एकट्या केन बॅरींनी बोलले होते. २००० नंतरच्या नव्या मालिकेचे काम कॉसग्रोव्ह हॉलकडे आले, तेव्हा गावात बेन्स कुटुंब राहायला आले, आणि अजय व निशा यांना आवाज दिले कुलविंदर घिर आणि आर्ची पंजाबी यांनी. मला विचाराल तर उच्चार असणे हा दोष नाही. उच्चार सोडून त्या पात्राला दुसरे काही दिलेलेच नसते, तेव्हा चिडवण्याचे हत्यार तयार होते.

मराठी नटांचे आवाज आपण हिंदीतूनच जास्त ऐकले. दूरदर्शनवरच्या 'जंगल बुक' मधला नाना पाटेकरांचा शेरखान आठवतो ना? २०१६ च्या चित्रपटाच्या हिंदी डबिंगमध्येही तेच होते. २०१९ च्या हिंदी 'लायन किंग' मधला टिमॉन श्रेयस तळपदेंचा. खास मराठीतला म्हणायचा तर 'झपाटलेला' (१९९३) मधला तात्या विंचू. बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा.

कॉसग्रोव्ह हॉलच्या बाहुल्या आणि चित्रांचा संग्रह आता सेलच्या वॉटरसाइडमध्ये आहे. मेट्रोलिंकच्या सेल स्टॉपवरून चालत पाच मिनिटे. मुलांना घेऊन निघण्याआधी तिथे काय मांडले आहे ते फोन करून विचारून घ्या.