आबदारखान्यांतील सोरा

जुन्या घराण्यांच्या दप्तरांतील खर्चाचे कागद वाचतांना ‘सोरा’ हा शब्द आढळला कीं ती कलम दारूखान्याकडे टाकावयाची, अशी आपणां संशोधकांस संवय जडली आहे. बंदुकीच्या दारूंत सोऱ्याचा भाग सर्वांत मोठा असल्यामुळें ही संवय अगदींच निराधार आहे असें नाहीं. तथापि सोऱ्याचा दुसराहि एक राजमान्य उपयोग होता. तो पिण्याचें पाणी गार करण्याचा. तो ध्यानांत न घेतल्यास मोहिमेची तयारी म्हणून आपण ज्याचा उल्लेख करूं तो वस्तुतः उन्हाळ्यांतील सरबताचा खर्च निघावयाचा! अठरा कारखान्यांच्या प्रचलित यादींत दारूखाना, आबदारखाना व शरबतखाना हीं नांवें वेगवेगळीं येतात. त्यांपैकीं सोरा कोणत्या कारखान्याचा, हें कागदागणिक ठरविलें पाहिजे.

आबदारखान्याची रीत अबुल फज्लनें आईन-इ-अकबरींत स्पष्ट लिहिली आहे. कथिलाच्या किंवा रुप्याच्या सुरईंत शेरभर पाणी घालून तिचें तोंड बंद करावें. दुसऱ्या भांड्यांत पांच शेर पाणी व अडीच शेर सोरा एकत्र करून त्यांत ती सुरई पाव तासपर्यंत फिरवीत राहावें, म्हणजे आंतील पाणी गार होतें. सोऱ्याचा भाव रुपयास पाऊण मणापासून चार मणांपर्यंत असल्याचेंहि तो नमूद करतो. सुरई धातूची कां, हेंहि पाहण्यासारखें आहे. मातीचें भांडें पाझरतें, त्यामुळें पाण्यांत सोरा उतरला असता. शिवाय धातूंतून उष्णता चटकन् बाहेर पडते. अकबराचा मुक्काम पुढें लाहोरास झाल्यावर उत्तरेकडील पहाडांतून बर्फ येऊं लागला.

दक्षिणेंत ती सोय नव्हती. सोलापूर जिल्ह्यांत मंगळवेढ्याजवळ भीमेच्या कांठीं ब्रह्मपुरी येथें, म्हणजे माचणूरच्या परिसरांत, औरंगजेबाची छावणी 1695 पासून 1699 पर्यंत होती. वैशाखांत जेथें पारा 40 अंशांवर जातो तेथें बादशाही लवाजम्यानें चार उन्हाळे काढले. हिमालयाचा बर्फ भीमेपर्यंत पोहोंचणें केवळ अशक्य. आणि अशा छावणींत आबदारखाना नसेल हें संभवत नाहीं. याच बादशहाच्या कारकीर्दीच्या आरंभीं हिंदुस्थानांत असलेल्या बर्निए या फ्रेंच वैद्यानेंहि सोऱ्याची हीच युक्ति वर्णिली आहे. तेव्हां ब्रह्मपुरीस माठ व ओलीं फडकीं यांच्या जोडीला सोराच कामीं आला असावा, असें अनुमान करण्यास प्रत्यवाय नाहीं.

परंतु येथें एक गल्लत टाळली पाहिजे. सोऱ्यानें पाणी गार होतें, म्हणून त्याचा बर्फहि होत असे, असें मानणें युक्त नाहीं. 100 भाग पाण्यांत 16 भाग सोरा विरघळविला असतां उष्णता सुमारें 10 अंशांनीं उतरते. माठांतील 28 अंशांचें पाणी त्यानें 18 अंशांवर येईल. बर्फास शून्य अंश पाहिजे. गार झालेल्या पाण्यांत पुनः पुनः नवा सोरा घालीत जावें म्हटलें तर जसजसें पाणी थंड होतें तसतसा सोरा कमी विरघळतो आणि श्रमाच्या मानानें फळ थोडें मिळतें.

आपल्या रोजच्या मिठाचें वर्तन याच्या नेमकें उलट आहे. पाण्यांत कितीहि मीठ घाला, उष्णता दोन-अडीच अंशांपलीकडे उतरत नाहीं. तेंच मीठ 100 भाग बर्फाच्या चुऱ्यांत 33 भाग मिसळलें तर पारा शून्याखालीं 21 अंशांपर्यंत जातो. सोरा मात्र बर्फांत घातला तर तीन अंशांच्या आंतच थांबतो. मिठानें पाण्याचा गोठणबिंदु खालीं जातो, म्हणून शून्य अंशावरील बर्फहि वितळूं लागतो. वितळण्यास लागणारी उष्णता तो आपल्यांतून व शेजारच्या भांड्यांतून ओढून घेतो. म्हणजे मीठ बर्फ वितळवितें, आणि त्याच वितळण्यानें शेजारचें दूध गोठतें. पण त्याकरितां बर्फ आधीं हाताशीं असावा लागतो. तो नसेल तर मीठ निरुपयोगी व सोरा उपयोगी. ब्रह्मपुरीच्या छावणींत सोऱ्यास मान कां, याचें कारण एवढेंच.

आतां कागदांकडे वळूं. सोऱ्याबरोबर गंधक व कोळसा यांच्या कलमा असतील तर तो दारूखान्याचा, याविषयीं शंका नको. परंतु सोरा एकटाच असेल, चैत्र-वैशाखांतील असेल आणि लगतच कथिलाच्या सुरया, वाळा किंवा गुलाबपाणी असेल, तर तो आबदारखान्याचा समजावा. आणखी एक खूण अशी कीं, दारूंतील सोरा जळून नाहींसा होतो. उलट पाण्यांत विरघळविलेला सोरा उन्हांत किंवा चुलीवर पाणी आटवून परत मिळवितां येतो. यास्तव आबदारखान्याची खरेदी अल्प व अंतराअंतरानें असणें स्वाभाविक आहे. केवळ तोलाच्या आंकड्यावरून सैन्याचें बळ मोजणाऱ्यांनीं हा भेद विसरूं नये. अशा नोंदी ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्या मिति व शेजारच्या कलमांसह जशाच्या तशा प्रसिद्ध कराव्यात. सुटी उतरलेली कलम या कामीं कुचकामाची होय.

ही स्थिति एकोणिसाव्या शतकांत पालटली. 1833 सालीं अमेरिकेहून भुशांत गुंडाळलेला बर्फ जहाजानें कलकत्त्यास आला व लौकरच मुंबईसहि येऊं लागला. सोलापुरास पुण्याकडून लोहमार्ग 1860 सालीं पोहोंचला. परंतु बोरघाटांतील मार्ग 1863 सालीं खुला होईपर्यंत मुंबईची गाडी सरळ येत नव्हती. तेव्हां मुंबईचा बर्फ वाटेंत आटण्यापूर्वीं भीमेपलीकडे येणें हें त्यानंतरचेंच म्हटलें पाहिजे. पुढें यंत्रानें बर्फ होऊं लागला, आणि त्या कारखान्यांतहि पाण्याचे डबे ज्या हौदांत बुडवितात त्यांत मिठाचेंच पाणी असतें. कारण शून्याखालींहि तें पातळ राहतें. या काळानंतरच्या मेजवानीच्या यादींत बर्फ व दूध यांच्या शेजारीं खडे मीठ आढळलें तर तें मुदपाकखान्याचें समजूं नये. लांकडी बादलींत फिरणाऱ्या डब्याभोंवतीं तें बर्फांत घालण्याकरितां आणलेलें असतें.