गाणं कुणाच्या नावावर?

मागच्या चातुर्मासातली गोष्ट. दिवस मावळायच्या आत जेवण उरकून मी निपाणीच्या घरी सोप्यात बसले होते. बेळगावहून भाचा आला, मागोमाग वहिनी. भाच्याच्या हातात सोळा पानांचा कागद होता, सगळा इंग्रजीत.

"आत्ती, हे जरा बघतीस काय? आई म्हणतीय सही करून टाक."

आमचा भाचा रॅप करतो. मराठीत सुरू करतो, मधेच कन्नड घालतो, परत मराठीवर येतो. आपल्या सीमाभागात माणसं बोलतात तसंच ते. मला पहिल्यांदा वाटलं, हे काय भांडल्यासारखं गाणं! पण यमकं ऐकली आणि गप्प बसले. पोरगा शब्दाला पक्का आहे. मुंबईच्या एका कंपनीला त्याची आठ गाणी हवी होती. चाळीस हजार रुपये एकरकमी.

"वन्सं, तुम्ही तरी सांगा त्याला," वहिनी म्हणाली. "दारात आलेली लक्ष्मी परत पाठवू नये."

मी चष्मा लावला. तंबाखूच्या वखारीची रोजकीर्द आणि खतावणी मी बावीस वर्षं लिहिली आहे. कागद इंग्रजी असो की मोडी, आधी शोधायचं ते एकच: देतोय काय आणि किती काळासाठी? सातव्या पानावर ते सापडलं. आठही गाणी, सर्व माध्यमांत, सर्व जगात, कायमची.

"कायमची म्हणजे रे किती?" मी विचारलं. भाचा हसला. त्याला ते ठाऊक होतं. म्हणूनच तो आला होता.

त्या रात्री त्याने मला हिपहॉपचा इतिहास सांगितला, आणि मी त्याला आपल्या नाटकवाल्यांचा. मैत्रिणींनो, दोन्ही इतिहास शेजारी ठेवले तेव्हा मला जे दिसलं ते इथं मांडते आहे.

हिपहॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ चा धरतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, एका मोठ्या इमारतीच्या सामायिक खोलीत नाचगाण्याची संध्याकाळ झाली. तबकड्या वाजवणारा कूल हर्क जगभर गाजला. पण ती खोली भाड्याने घेतली होती त्याच्या बहिणीने, सिंडी कॅम्पबेलने. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला तिला पैसे हवे होते. मुलींना पंचवीस सेंट आणि मुलांना पन्नास सेंट असं तिकीट तिने लावलं. म्हणजे या कलेचा पहिला हिशेब एका बहिणीने केला.

पुढे १९७९ मध्ये या गाण्याची पहिली मोठी तबकडी निघाली, तीही एका बाईच्या कंपनीतून. सिल्व्हिया रॉबिन्सन स्वतः गायिका. तिची शुगर हिल कंपनी खूप चालली, पण गाणाऱ्या पोरांची तक्रार सुरू झाली की आमचा वाटा कुठं आहे? ग्रँडमास्टर फ्लॅश नावाच्या कलाकाराने पैशासाठी आणि स्वतःच्या नावासाठी कंपनीला कोर्टात खेचलं. १९९५ मध्ये तर टीएलसी या तीन मुलींच्या गटाने दिवाळं जाहीर केलं. त्यांचा अल्बम तेव्हा लाखांनी खपत होता!

अशी उदाहरणं बघून पुढची पोरं शहाणी झाली. जे-झीला कुणी मोठी कंपनी घेईना, तेव्हा त्याने दोन मित्रांबरोबर स्वतःची कंपनी काढली. कपड्यांचा धंदा काढला, त्याचा ब्रँड २००७ मध्ये २० कोटी ४० लाख डॉलरला विकला. २०१९ मध्ये फोर्ब्ज मासिकाने त्याला अब्जाधीश ठरवलं. मास्टर पी नावाच्या दुसऱ्याने मोठ्या कंपनीला सांगितलं, तुम्ही माल दुकानात पोचवा आणि पोचवण्याचा वाटा घ्या, मूळ ध्वनिमुद्रण माझ्याच मालकीचं राहील. या मूळ मुद्रणाला ते 'मास्टर' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर ते झाड. फळं विका, झाड विकू नका. आपल्याकडे मुंबईच्या डिव्हाइनने २०१९ मध्ये 'गल्ली गँग' ही स्वतःची कंपनी काढली, ती याच विचाराने.

"आपल्यात असं कोण होतं काय गं आत्ती?" भाच्याने विचारलं.

होते की! पण त्यांनी झाड धरलं की फळं, हे बघायला हवं.

संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८० मध्ये त्यांचं 'शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आलं आणि किर्लोस्कर मंडळी उभी राहिली. त्यांच्यामागे पुष्कळ नटांनी स्वतःच्या कंपन्या काढल्या. केशवराव भोसल्यांनी १ जानेवारी १९०८ ला हुबळीत ललितकलादर्श काढली, तेव्हा त्यांना विसावं वर्षही लागलं नव्हतं. १९१३ मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गणपतराव बोडस, गोविंदराव टेंबे यांच्या भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी काढली. पगारी नट मालक झाला.

बालगंधर्वांचं वैभव आपल्या आज्यांनी बघितलेलं. त्यांनी शालू कसा नेसला, पदर कसा घेतला, गजरा कुठं माळला, ते बघून घरोघरच्या बायका तशा नटल्या. रंगमंचावर खरे गालिचे, खरं अत्तर, साथीला थिरकवाँसाहेबांचा तबला. भागीदार पुढे निघून गेले. कर्ज डोंगराएवढं झालं. दिवाळखोरी न घेता नाटकं करून करून त्यांनी ते फेडलं, हा त्यांचा मोठेपणा.

पण वखारीचा हिशेब लिहिलेली बाई म्हणून मी बघते, तेव्हा मला वेगळंच दिसतं. नाटक कंपनीच्या मालकाच्या मालकीचं काय होतं? पडदे, कपडे, भटारखाना, शंभर माणसांचं जेवण, बिऱ्हाड हलवायचं रेल्वेभाडं. म्हणजे खर्चाची मालकी. उत्पन्न मात्र रोज रात्री नव्याने उभं राहून गायचं, तेव्हाच. घसा बसला की गल्ला बसला. जे एकदा करून पुन्हा पुन्हा विकलं जाईल, ती ग्रामोफोनची तबकडी, तिची मूळ प्रत कंपनीकडे. त्या काळात बहुतेक गाणाऱ्यांना हातात रक्कम मिळे आणि विषय संपे. बायकांनी ज्यांचा पदर उचलला, त्या पदराची किंमत बालगंधर्वांच्या जमेत कधी पडली नाही.

मिरजेच्या हिराबाई बडोदेकरांचंही तसंच. भावाबहिणींना घेऊन त्यांनी स्वतःची नाटक मंडळी काढली, स्त्रियांची कामं स्त्रियांनीच करायची म्हणून. बाईने मालकीण व्हायचं हे केवढं धाडस! कंपनी कर्जात बुडाली. हिराबाईंनी गावोगाव मैफली करून कर्ज वारलं. मालकी मिळाली, पण तीही खर्चाची.

आता दुसरी बाजू. निपाणीतून कोल्हापूरला जाताना आपण कागलवरून जातो. तानीबाई कागलकर हे नाव तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलं आहे? बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढायचं मनात घेतलं, तेव्हा सिनेमाच्या नादाला पैसे कोण देणार? भांडवल पुढे केलं या गाणाऱ्या बाईने. १९२० मध्ये तिथून 'सैरंध्री' निघाला, आणि त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. मराठी सिनेमाच्या इतिहासात पेंटरांचं नाव ठळक आहे, असायलाच हवं. तानीबाईंचं नाव मात्र एका ओळीत येतं आणि जातं.

त्याच कंपनीत शांताराम वणकुद्रे नावाचा पोरगा पडेल ते काम करत शिकला. व्ही. शांताराम. वडील जैन, आई हिंदू. आपल्या लोकांना हे क्वचितच आठवतं. त्याआधी हा पोरगा थोडे दिवस गंधर्व नाटक मंडळीत होता, पुढे हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात आणि पत्र्याच्या थिएटरात राबला. म्हणजे बालगंधर्वांचं वैभव त्याने आतून बघितलेलं.

१ जून १९२९ ला दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांनी सीतारामपंत कुलकर्णी या सराफाला बरोबर घेऊन प्रभात काढली. पाच भागीदार, आणि त्यातले चौघे हाताने काम करणारे. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला स्वतःच्या जागेत गेली. जागा स्वतःची, यंत्रं स्वतःची, आणि मुख्य म्हणजे फिल्मची मूळ निगेटिव्ह स्वतःची. चित्रपट एकदा केला की प्रत काढा, गावोगाव पाठवा. नट घरी झोपला तरी गल्ला भरतोय.

१९३५ मध्ये हे दोघे समोरासमोर आले. बालगंधर्व आणि प्रभात यांच्या भागीदारीत 'धर्मात्मा' निघाला. बालगंधर्व एकनाथ झाले आणि दिग्दर्शक शांताराम. ज्या मुलाने गंधर्व कंपनीत उमेदवारी केली, त्याच्या स्टुडिओत मालक पाहुणा म्हणून आला. भागीदारी पुढे चालली नाही. बालगंधर्व परत नाटकाकडे वळले. आवाजात कमी कोण होतं? कुणीच नाही. फरक आवाजाचा नव्हता, कशाची मालकी धरली याचा होता.

प्रभातचंही सगळं गोड झालं असं नाही. भागीदारांत बिनसलं, १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले. पुढे स्टुडिओ हातचा गेला. आज तिथं फिल्म इन्स्टिट्यूट आहे. म्हणून कागदात फुटायचं कसं हेही लिहून ठेवावं. शांतारामांनी नवी संस्था काढली तिचं नाव राजकमल. वडील राजाराम आणि आई कमल. पाटीवर आईचं नाव लागलं, हे मला फार आवडतं.

दीनानाथ मंगेशकरांची बलवंत मंडळीही अशीच बुडाली होती. त्यांच्या थोरल्या लेकीने तेराव्या वर्षी संसार खांद्यावर घेतला. मला वाटतं, लताबाईंनी १९६० च्या दशकात रॉयल्टीसाठी आग्रह धरला त्याचं मूळ त्या बुडीत खात्यात आहे. रफीसाहेबांचं मत वेगळं होतं. निर्मात्याने पैसे दिले, आता गाणं त्याचं. त्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. पैशाचं नाव काढलं म्हणून लताबाईंना लोकांनी नावं ठेवली. बाईने हिशेब मागितला की ती लोभी ठरते, हे आपल्याला नवीन आहे का?

कायदा सावकाश आला. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा पक्का केला. वारस किंवा त्यांची स्वतःची सोसायटी सोडून तो हक्क दुसऱ्या कुणाला लिहून देता येत नाही. शब्द लिहिणाऱ्याचा हक्क त्याच्या मरणानंतरही ६० वर्षं चालतो. म्हणजे भाच्याच्या नातवापर्यंत.

"पण आत्ती," भाचा म्हणाला, "आपल्यात अपरिग्रह सांगतात, आणि तू मालकी शिकवतीस?"

चांगलं विचारलं त्याने. श्रावकाला परिग्रहाचं परिमाण सांगितलं आहे, म्हणजे किती ठेवायचं याची मर्यादा आपण ठरवायची. पण जे आपल्या नावावरच नाही, त्याची मर्यादा कोण ठरवणार? त्याग करायलासुद्धा आधी हातात असावं लागतं. १९८१ मध्ये निपाणीचा तंबाखू उत्पादक शरद जोशींबरोबर हमरस्त्यावर येऊन बसला तो लोभाने नव्हे. पिकवणारा तो आणि भाव ठरवणारा दुसराच, म्हणून. आणि आम्ही वखारवाले तेव्हा कुठल्या बाजूला होतो, तेही मला आठवतं.

आणखी एक आठवतं. आमची वखार विकली, तेव्हा ज्यांची ज्यांची नावं कागदावर होती त्यांच्या सह्या घेतल्या. बावीस वर्षं मी जमाखर्च लिहिला. माझी सही लागली नाही.

त्या रात्री आम्ही कंपनीला उत्तर लिहिलं. आठ नाही, दोन गाणी. कायमची नाही, पाच वर्षांसाठी. मूळ मुद्रण आमच्याकडे. हे लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही. येईल, न येईल. वहिनी आठ दिवस माझ्याशी तुटक बोलत होती. तिचंही चूक नाही, चाळीस हजार म्हणजे तिच्या घरात थोडे नव्हेत.

पण एक गोष्ट मी करून घेतली. भाच्याचा माईक आणि मुद्रणाचं यंत्र आलं कुठून, हे विचारलं. वहिनी गप्प. तिने दोन पाटल्या मोडल्या होत्या. मी वहीचं कोरं पान फाडलं आणि भाच्याला लिहायला लावलं: या गाण्यांच्या उत्पन्नात आईचा चौथा हिस्सा.

"माझी सही कशाला वन्सं?" वहिनी म्हणाली.

मी पेन तिच्या हातात दिलं. तिने कन्नडमध्ये सही केली, शाळेत शिकली होती तशी, एकेक अक्षर जुळवत.